वॉल्सिंगहॅमच्या वाटेवरच्या बायका



पायी यात्रा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे पंढरीची वारी येते. डोक्यावर तुळशीवृंदावन, हातात टाळ आणि पालखीच्या पुढेमागे चालणाऱ्या दिंड्या. आपल्या ख्रिस्ती मैत्रिणींना सेंट झेवियरच्या फेस्ताला जुन्या गोव्याकडे पायी निघालेले जथे आठवतील. आज आम्ही ज्या वाटेबद्दल बोलणार आहोत ती मात्र फार लांबची आहे. इंग्लंडच्या पूर्वेला नॉरफोक नावाचा परगणा आहे. त्या परगण्यातल्या वॉल्सिंगहॅम या लहानशा गावाला ती वाट जाते. तिथे येशूच्या आईचं, म्हणजे पवित्र मरियेचं, फार जुनं स्थान आहे.

मध्ययुगात हे इंग्लंडमधल्या सर्वांत मोठ्या यात्रास्थानांपैकी एक होतं. १५३८ साली राजाच्या हुकमानं ते मोडलं गेलं. मग साडेतीनशे वर्षं तिकडे यात्रा म्हणून जथा गेला नाही. १८९७ साली ती पुन्हा सुरू झाली आणि आज दरवर्षी हजारो लोक तिथे जातात. आम्ही चौघी अशाच एका पायी यात्रेत सामील झालो होतो. पण आज आम्ही आमच्या पायांच्या फोडांची कहाणी सांगत बसणार नाही. चालताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येत होती, ती सांगायची आहे. माहितीच्या पाट्यांवर राजांची नावं मोठी होती. पण जिथे जिथे थांबलो, तिथल्या गोष्टीच्या मुळाशी एखादी बाई निघाली. कुणाचं नाव इतिहासात राहिलं, कुणाचं राहिलंच नाही. त्या बायकांची ही गोष्ट आहे.

आधी यात्रा कशी असते ते सांगतो. आमची यात्रा ईली या गावातून निघाली. ईली ते वॉल्सिंगहॅम हे अंतर साधारण ९० किलोमीटर आहे आणि ते तीन दिवसांत चालायचं असतं. सगळ्यांत पुढे क्रूस, त्याच्या मागे झेंडा, मग लहान लहान तुकड्या. प्रत्येक तुकडीत एक वाट दाखवणारा आणि एक गाणं सांगणारा. बरोबर धर्मगुरू असतात. सकाळी मिस्सा, म्हणजे ख्रिस्ती लोकांची मुख्य उपासना. मग दिवसभर चालता चालता जपमाळ, संतांची नामावली आणि गाणी. अंथरूण-पांघरूण आणि पिशव्या गाडीतून पुढे जातात. रात्री एखाद्या गावच्या सभागृहात जमिनीवर पथारी टाकायची. स्वयंपाकाला स्वयंसेवक असतात. डांबरी रस्ता आला की चमकदार पिवळं जाकीट घातलेला माणूस पुढे जाऊन मोटारी थांबवतो. दिंडी ज्यांनी पाहिली आहे त्यांना यातलं काहीच नवखं वाटणार नाही. चोपदार, वीणेकरी आणि सामानाचा ट्रक यांची इथली भावंडंच म्हणा ना!

आता निघायचं ठिकाण पाहू. ईलीचं भव्य कॅथेड्रल, म्हणजे तिथलं प्रमुख चर्च, मैलोगणती लांबून दिसतं. पण या जागेचा आरंभ एका राजकन्येनं केला. तिचं नाव एथेलड्रेडा. पूर्व इंग्लंडच्या राजाची ही मुलगी. तिची दोन लग्नं राजकारणासाठी झाली, दुसरा नवरा तर उत्तरेचा राजा होता. ते राणीपद सोडून ती संन्यासिनी झाली आणि ६७३ साली तिनं ईलीला मठ स्थापला. त्या मठात स्त्रिया आणि पुरुष दोघेही होते आणि सगळ्यांवर अधिकार तिचा होता. ६७९ साली ती मानेवर गाठ येऊन वारली. तरुणपणी गळ्यात दागिने मिरवले त्याचं हे प्रायश्चित्त, असं ती म्हणे. पुढे मठाची सूत्रं तिच्या बहिणीनं घेतली. हे सगळं बीड नावाच्या साधूनं आपल्या इतिहासात लिहून ठेवलं, म्हणून आपल्याला कळतं.

एथेलड्रेडेचं नाव लोकांच्या बोलण्यात झिजून 'ऑड्री' झालं. ईलीला 'सेंट ऑड्री'ची जत्रा भरे. तिथे गळ्यात बांधायच्या रेशमी फिती विकायला येत. पुढे तो माल भडक आणि हलका होत गेला आणि 'सेंट ऑड्री' या शब्दांतून इंग्रजीत 'टॉड्री' असा एक शब्द तयार झाला. त्याचा अर्थ भपकेबाज पण कमअस्सल. दागिने टाकून देणाऱ्या बाईच्या नावाचं जत्रेनं हे असं केलं! १५४१ साली तिचं स्थान फोडलं गेलं. आता कॅथेड्रलच्या फरशीत एक दगड तेवढा ती जागा दाखवतो.

ईलीच्या बाहेर पडलं की सपाट प्रदेश लागतो. पूर्वी इथे सगळं पाणथळ होतं आणि ईली हे त्यातलं बेटच होतं. सतराव्या शतकात कालवे काढून ही जमीन कोरडी केली. त्याआधीच्या यात्रेकरूंना पाणी आणि चिखल चुकवत जावं लागे. हातात काठी, खांद्याला झोळी आणि परतताना टोपीवर शिशा-कथलाचा बिल्ला. वॉल्सिंगहॅमच्या बिल्ल्यावर बहुधा देवदूत आणि मरिया कोरलेली असत. तिथल्या विहिरीचं पाणी चिमुकल्या शिशाच्या कुपीत भरून घरी आणत, आपण गंगाजल आणतो तसंच. रात्री आकाशात जो दुधाळ पट्टा दिसतो, आपण ज्याला आकाशगंगा म्हणतो, त्याला इकडचे लोक 'वॉल्सिंगहॅमची वाट' म्हणत. आपल्या गावची वाट आकाशात पाहणारी माणसं ती!

आता वॉल्सिंगहॅमची मूळ कथा. सांगतात ती अशी. १०६१ साली रिचेल्डिस नावाची एक विधवा जमीनदारीण तिथे राहत होती. तिला तीनदा मरियेचं दर्शन झालं. मरियेनं तिला नाझरेथ गावातलं आपलं घर दाखवलं. देवदूत जिथे येऊन 'तुला पुत्र होईल' असं म्हणाला ते हे घर. त्याची मापं घे आणि असंच घर इथे बांध, असं मरियेनं सांगितलं. रिचेल्डिसनं सुतार बोलावले. सकाळी कुरणावर दव पडलं होतं, पण दोन चौकोन कोरडे होते. तिनं दोन विहिरींजवळचा चौकोन निवडला. सुतारांनी दिवसभर खटपट केली, पण काही केल्या घर बसेना. ती रात्रभर प्रार्थना करत बसली. सकाळी पाहतात तो घर दुसऱ्या चौकोनावर, दोनशे फुटांवर, नीट उभं! सुतारांनी केलं असतं त्याहूनही पक्कं.

ही कथा ऐकायला गोड आहे. पण इतिहास म्हणून बोलायचं तर पुरावा काय, असं विचारायला हवं. १०६१ हे साल आणि रिचेल्डिस हे नाव आपल्याला मिळतं ते एका पोवाड्यासारख्या इंग्रजी कवनात. रिचर्ड पिन्सन नावाच्या छापखानेवाल्यानं ते पंधराव्या शतकाच्या अखेरीस छापलं. म्हणजे घटनेनंतर चारशे वर्षांनी. त्याची एकच प्रत आज उरली आहे, ती केंब्रिजला आहे. त्याहून कितीतरी जुना कागद म्हणजे बाराव्या शतकातलं एक दानपत्र. जेफ्री नावाच्या जमीनदारानं ते लिहून दिलेलं आहे. त्यात 'माझ्या आईनं वॉल्सिंगहॅमला बांधलेलं चॅपल', म्हणजे छोटं प्रार्थनाघर, असा उल्लेख आहे. इतिहासकार या कागदावरून म्हणतात की ती बाई बहुधा १०६१ मध्ये नव्हे, तर बाराव्या शतकाच्या सुरुवातीला होऊन गेली असावी.

मैत्रिणींनो, त्या दानपत्राची आम्हांला गंमतही वाटली आणि थोडं वाईटही वाटलं. मुलाचं नाव कागदावर आहे. दान ज्याला दिलं त्याचंही नाव आहे. आणि जिनं ते बांधलं ती नुसती 'माझी आई'. आपल्या सातबाऱ्यावर, वंशावळीत, देवळाच्या पायरीवर हेच दिसत नाही का? 'अमक्याच्या मातोश्री' एवढंच. रिचेल्डिसचं नाव लोकांच्या तोंडी टिकलं असावं, म्हणून चारशे वर्षांनी एका कवनात उतरलं. दर्शन खरं की नाही हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा भाग. पण एका बाईनं ते घर बांधलं, याला मात्र तिच्या मुलाच्याच कागदाचा आधार आहे.

ते घर लाकडी होतं आणि अगदी लहान होतं. १४७९ साली विल्यम वूस्टर नावाच्या फिरस्त्यानं त्याची मापं घेतली. लांबी साडेतेवीस फूट आणि रुंदी जेमतेम तेरा फूट. म्हणजे आपल्याकडच्या चाळीतल्या दोन खोल्यांएवढं. त्याच्याभोवती पुढे मोठा मठ उभा राहिला, दगडी चर्च झालं. १२२६ साली राजा तिसरा हेन्री तिथे आला आणि मग पुढच्या बहुतेक सगळ्या राजांनी ती प्रथा पाळली. सोनं-नाणं, जडजवाहीर यांचा ढीग पडला. १५१२ साली इरॅस्मस हा हॉलंडचा मोठा पंडित तिथे जाऊन आला आणि पुढे त्यानं या सगळ्या थाटाची, अवशेषांच्या बाजाराची खिल्ली उडवणारा एक संवाद लिहिला. त्याची टीका पोकळ नव्हती. देवस्थानात पैसा आला की काय काय येतं ते आपल्यालाही माहीत आहे.

पण त्याच देवस्थानाकडे साध्या घरातली बाई कशी पाहत होती? त्यासाठी एक पत्र आहे. नॉरफोकमध्येच पॅस्टन नावाचं एक कुटुंब होतं. त्यांची पंधराव्या शतकातली शेकडो पत्रं सुदैवानं टिकली आहेत. मार्गारेट पॅस्टन ही त्या घरची तरुण सून. नवरा जॉन लंडनला, ती इकडे गावी. तो तिकडे आजारी पडल्याची बातमी आली. २८ सप्टेंबर १४४३ ला तिनं त्याला पत्र लिहवलं. आपला जीव कसा टांगणीला लागला होता ते त्यात आहे. आणि मग ती सांगते की 'आई'नं, म्हणजे बहुधा सासूबाईंनी, तुमच्या वजनाइतक्या मेणाची मूर्ती वॉल्सिंगहॅमच्या मरियेला बोलली आहे आणि मी स्वतः तुमच्यासाठी वॉल्सिंगहॅमची यात्रा बोलले आहे.

आपल्याकडे यालाच आपण नवस म्हणतो. नारळाचा, तुळेचा, चालत येण्याचा. मार्गारेटची पत्रं वेगवेगळ्या हस्ताक्षरांत आहेत. ती सांगायची आणि दुसरं कुणी लिहून घ्यायचं. तरी तिचा आवाज पावणेसहाशे वर्षांनी आपल्यापर्यंत पोहोचला. आमच्या तुकडीच्या वाटाड्यानं हे पत्र सांगितलं तेव्हा एक गोष्ट आमच्या मनात आली. त्या काळच्या बाईला एकटीनं घराबाहेर पडायला फार कमी कारणं पुरत. नवस हे त्यांतलं एक पक्कं कारण होतं. त्याला नाही म्हणणं नवऱ्याला अवघड जात असणार, कारण तो नवऱ्यासाठीच होता!

दुसरी बाई राणी होती. अ‍ॅरागॉनची कॅथरीन, आठव्या हेन्रीची पहिली बायको. १ जानेवारी १५११ ला तिला मुलगा झाला. हेन्रीला इतका आनंद झाला की तो वॉल्सिंगहॅमला गेला. शेवटची वाट तो अनवाणी चालला असं सांगतात. पण बाळ दोन महिन्यांचंही झालं नाही, फेब्रुवारीतच गेलं. १५१३ साली हेन्री फ्रान्समध्ये लढाईवर होता आणि मागे राज्य कॅथरीन सांभाळत होती. त्या सप्टेंबरात स्कॉटलंडच्या फौजेचा मोठा पराभव झाला. विजयाची बातमी नवऱ्याला कळवताना तिनं लिहिलं की मी आता वॉल्सिंगहॅमला निघाले आहे, केव्हाचं बोलून ठेवलं आहे. पुढे हेन्रीनं तिला टाकलं, तिचं राणीपद काढून घेतलं. जानेवारी १५३६ मध्ये ती एकाकी मेली. तिच्या अखेरच्या इच्छांमध्ये एक अशी होती की कुणीतरी आपल्या वतीनं वॉल्सिंगहॅमला जावं आणि जाताना वाटेत २० सोन्याची नाणी गोरगरिबांना वाटावीत. वाटेत, बरं का. पोहोचल्यावर पेटीत टाकायला तिनं सांगितलं नाही.

तिच्या मृत्यूनंतर दोनच वर्षांत सगळं संपलं. हेन्रीनं रोमच्या पोपशी नातं तोडलं होतं आणि मठ एकामागून एक बंद होत होते. १५३७ साली वॉल्सिंगहॅमच्या काही लोकांनी याविरुद्ध उठाव करायचं ठरवलं. बातमी फुटली आणि अकरा जणांना मृत्युदंड झाला. त्यांतल्या मठाच्या दुय्यम प्रमुखाला तर वॉल्सिंगहॅमलाच मारलं. १५३८ मध्ये मरियेची मूर्ती लंडनला नेली आणि चेल्सीला जाळली. मठ बंद झाला. ती सगळी जागा पुढे ९० पौंडांना विकली गेली.

आणि आता या वाटेवरची आम्हांला सर्वांत जवळची वाटलेली बाई. तिचं नाव आम्ही सांगू शकत नाही, कारण ते कागदावर नाही. वॉल्सिंगहॅमपासून जवळच, समुद्रकाठी, वेल्स नावाचं गाव आहे. तिथली ही एक गरीब बाई. मूर्ती नेल्यानंतर दोन वर्षांच्या आत, एका हिवाळ्यात, ती लोकांना सांगू लागली की लंडनला नेल्यावरही वॉल्सिंगहॅमच्या मरियेनं चमत्कार केला. तिला पकडलं. वॉल्सिंगहॅमच्या बाजारच्या दिवशी सकाळी तिला खोड्यात अडकवलं. बाजार भरला तशी तिच्या डोक्याला एक कागद बांधला, 'खोट्या गोष्टी पसरवणारी' अशा अर्थाचा. मग गाडीत बसवून गल्लीगल्लीतून फिरवलं. जिथे गर्दी तिथे गाडी थांबवायची आणि गावच्या पोरांनी तिला बर्फाचे गोळे मारायचे.

हे आपल्याला कसं कळतं? ज्या अधिकाऱ्यानं ही शिक्षा दिली त्यानंच राजाचा मंत्री क्रॉमवेल याला पत्रानं कळवलं म्हणून. त्याच पत्रात तो असंही कबूल करतो की ती मूर्ती काही लोकांच्या डोक्यातून अजून गेलेली नाही. मैत्रिणींनो, हे लक्षात घ्या. मूर्ती जाळल्यावरसुद्धा एका अशिक्षित बाईच्या बोलण्याची सरकारला भीती वाटली. तिची बाजू कुणी लिहून घेतली नाही. तिनं नक्की काय सांगितलं, घरी परत गेल्यावर तिचं काय झालं, यातलं काही त्या पत्रात नाही.

त्यानंतर ज्यांनी जुना धर्म सोडला नाही त्यांनी काय केलं, याचं उत्तर आमच्या वाटेवरच होतं. ईलीहून निघालं की ऑक्सबरो गाव लागतं. तिथे पाण्याच्या खंदकानं वेढलेला एक विटांचा वाडा आहे, १४८२ च्या सुमाराचा. बेडिंगफेल्ड या कॅथलिक घराण्याचा. वाड्यात फरशीखाली एक अंधारी खोली आहे. वरची फरशी उचलायची, आत माणूस उतरवायचा आणि फरशी पुन्हा बसवायची. कॅथलिक धर्मगुरूनं देशात असणं हाच तेव्हा देहदंडाचा गुन्हा होता, म्हणून त्यांना लपवायची ही सोय.

१५८१ च्या कायद्यानं सरकारी चर्चमध्ये न जाणाऱ्याला महिना २० पौंड दंड होता. तेव्हा ही रक्कम म्हणजे चांगल्या घराचंही कंबरडं मोडणारी. यातून अनेक घरांनी वाट काढली ती अशी : नवरा दंड चुकवायला चर्चमध्ये हजेरी लावी आणि बायको घरी बसून जुना धर्म चालवी. मुलांना प्रार्थना शिकवणं, उपास पाळणं, लपलेल्या धर्मगुरूला जेवू घालणं, हे सगळं तिच्याकडे. लग्न झालेल्या बाईच्या नावावर मालमत्ताच नसे, मग दंड वसूल कशातून करणार? मालमत्ता नसण्याचा असाही उपयोग झाला! सरकारलाही हे उमगलं. १६१० साली कायदा झाला की अशा बाईला तुरुंगात टाकावं, नाहीतर नवऱ्यानं तिच्यापायी महिना १० पौंड भरावेत.

याच वाड्यात कैदेतल्या एका राणीचं भरतकामही आहे. स्कॉटलंडची राणी मेरी इंग्लंडमध्ये नजरकैदेत होती. तिनं आणि तिला ठेवलं होतं त्या घरची मालकीण बेस ऑफ हार्डविक हिनं मिळून भरलेले पशू, पक्षी, मासे आणि झाडं त्या कापडावर आहेत. पुढे ते पडदे या घरी आले. १९५१ साली वाडा विकला गेला आणि पाडायचं घाटत होतं. तेव्हा याच घराण्यातल्या तिघी बायकांनी आपापली राहती घरं विकून तो परत घेतला आणि राष्ट्रीय वारसा जपणाऱ्या संस्थेच्या हाती दिला. फरशीखालची ती खोली आज पाहता येते ती या तिघींमुळे.

ऑक्सबरोच्या पुढे कॅसल एकरच्या मठाचे अवशेष लागतात. आभाळाखाली उघड्या पडलेल्या नुसत्या भिंती, आत हिरवळ. तिथून एक दिवसाची चाल, की वॉल्सिंगहॅमच्या अलीकडे एका मैलावर एक चिमुकलं दगडी चॅपल येतं. स्लिपर चॅपल. चौदाव्या शतकातलं. इथे यात्रेकरू पायताण काढून ठेवत आणि उरलेला मैल अनवाणी जात, म्हणून हे नाव पडलं अशी समजूत आहे. हे चॅपल अलेक्झांड्रियाच्या संत कॅथरीनच्या नावाचं आहे. जुन्या गोव्याचं 'से' कॅथेड्रल याच संत कॅथरीनचं. पोर्तुगीजांनी २५ नोव्हेंबर १५१० ला, तिच्या सणाच्या दिवशी, गोवा घेतला, म्हणून तिथे तिचं नाव आलं. एकच संत, पण इथे ती थकल्या यात्रेकरूंची आणि तिथे जेत्यांची.

१५३८ नंतर या चॅपलचं कधी कोठार झालं, कधी गोठा. तिथून पुढची गोष्ट शार्लट बॉइड या बाईची. तिचा जन्म १८३७ चा. लहान असताना ती ग्लास्टनबरी इथे मठाचे भग्न अवशेष पाहायला गेली आणि अशा जागा पुन्हा उभ्या करायच्या असं तिनं मनाशी घेतलं. लंडनच्या किलबर्न भागात ती अनाथाश्रम चालवी. वारशानं आलेला पैसा जुनी धर्मस्थानं विकत घेऊन परत करण्यात घाली. नॉरफोकला आली असताना तिची नजर या गोठा झालेल्या चॅपलवर गेली. मालकांशी बोलणी सुरू केली. मधल्या काळात, १८९४ साली, ती स्वतः कॅथलिक झाली. १८९६ साली व्यवहार पुरा झाला. चॅपल तिनं बेनेडिक्टीन साधूंच्या हवाली केलं.

१८९७ च्या ऑगस्टात किंग्ज लिन या शहरातून लोक आगगाडीनं वॉल्सिंगहॅमला आले आणि तिथून चालत चॅपलला गेले. साडेतीनशे वर्षांनंतरची ही पहिली यात्रा. पण चॅपलमध्ये पहिला मिस्सा व्हायला १९३४ साल उजाडलं. त्या वर्षी १९ ऑगस्टला कार्डिनल बोर्न यांच्यामागे दहा हजारांवर लोक तिथे आले आणि हे इंग्लंडमधल्या कॅथलिकांचं राष्ट्रीय स्थान ठरलं. शार्लट १९०६ मध्येच वारली होती. तिच्या वाट्याला फक्त दार उघडून देणं आलं.

आज गावात दोन स्थानं आहेत. कॅथलिकांचं हे, आणि अँग्लिकन चर्चचं गावाच्या आत, जे होप पॅटन या धर्मगुरूंनी १९३१ मध्ये उभं केलं. जुन्या रेल्वे स्टेशनात ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोकांचं प्रार्थनाघर आहे. इंग्लंडमध्ये राहणारे केरळचे सिरो-मलबार ख्रिस्ती आणि तमिळ ख्रिस्तीही दरवर्षी इथे यात्रेला येतात. साड्या नेसलेल्या बायका, छत्र्या आणि दक्षिणेकडची गाणी या इंग्रजी खेड्याला आता नवीन राहिलेली नाहीत.

शेवटचा मैल आमच्यातल्या दोघी अनवाणी चालल्या. बंद पडलेल्या आगगाडीच्या वाटेवरून पायरस्ता जातो. गावात शिरून मठाच्या आवारात गेलं की समोर दिसते ती एक प्रचंड कमान, चर्चच्या पूर्वेकडच्या खिडकीची. बाकी चर्च नाही, घर नाही, मूर्ती नाही. नुसतं गवत. रिचेल्डिसचं ते लाकडी घर नेमकं कुठे उभं होतं ते १९६१ च्या उत्खननात सापडलं. तेवढ्या हिरवळीच्या तुकड्याभोवती आमच्या जथ्यातले लोक गुडघे टेकून बसले. आम्हीही बसलो. पाहण्यासारखं तिथे काहीच नाही, तरी कुणी लवकर उठेना.

परत आल्यापासून आम्ही चौघी एका गोष्टीचा विचार करतो आहोत. राजाची भेट नोंदली गेली, कारण राजाकडे कारकून होते. मार्गारेटचा नवस कळला, कारण तिच्या घरी पत्रं जपून ठेवली. वेल्सच्या बाईचं बोलणं कळलं ते तिला शिक्षा करणाऱ्याच्या चिठ्ठीतून. अशाच नवसांच्या आणि पायी वाटांच्या कितीतरी गोष्टी आपल्या आज्यांच्या, मावश्यांच्या पोटात आहेत. वारीच्या, जोतिबाच्या, एकवीरेच्या, माउंट मेरीच्या, हाजीमलंगच्या. कुणासाठी बोलल्या होत्या, घरातून परवानगी कशी मिळवली, वाटेत कुणी भाकर दिली, मूल कडेवर घेऊन किती कोस चालल्या. यातलं काहीही कुठल्या दप्तरात नाही.

आपल्या रेडिओकडे आता ध्वनिमुद्रणाची सोय आहे. येत्या महिनाभरात घरातल्या एका तरी म्हाताऱ्या बाईजवळ बसा आणि तिची वाट तिला सांगू द्या. मोबाइलवर घेतलंत तरी चालेल, केंद्रावर आणून द्या, आम्ही ते जपून ठेवू आणि ऐकवू. साल आठवत नसेल तर त्या वर्षी पाऊस कसा होता, घरात कोण जन्मलं होतं, ते विचारा, म्हणजे साल काढता येतं. आणि वहीत पहिल्या ओळीला 'अमक्याची आई' असं लिहू नका. सांगणारीचं पूर्ण नाव लिहा, माहेरचंसुद्धा.

नमस्कार.